गणपतीची शिल्लक वर्गणी व्यसनमुक्ती केंद्राला द्यायची आहे. कुणाला आणि कशी?

मिरजकर_संतोष

नमस्कार मंडळी. मिरजेतलं आमचं गल्लीतलं छोटं मंडळ. यंदा बऱ्याच भांडणानंतर डॉल्बी लावली नाही, त्यामुळे खर्च वजा जाता ६५ हजार शिल्लक आहेत. एरवी शिल्लक राहिली की आम्ही शाळेत वह्या वाटतो. या वेळी हिशेबाच्या सभेत पोरांनीच विषय काढला. आमच्या ढोलपथकातला एक जण झोपेच्या गोळ्यांवर गेलाय. 'बटन' म्हणतात त्याला. घरच्यांनी त्याला एका केंद्रात ठेवलंय. पोरं म्हणाली, यंदाचे पैसे अशा कामाला देऊ.

इथवर सगळ्यांचं एकमत. पुढं गाडी अडली. ज्येष्ठ मंडळी म्हणतात गाद्या-ब्लँकेटं घ्या, जाऊन वाटा, फोटो काढा. पोरं म्हणतात रोख देऊन मोकळं व्हा. मी खजिनदार, त्यामुळे सही माझी आणि बोलणीही मलाच बसणार. शिवाय परवा एकानं सांगितलं की काही केंद्रं माणसाला घरातून उचलून नेऊन डांबतात. तसल्या ठिकाणी आमचे पैसे गेले तर? कुणी या कामातलं असेल तर सांगा.

गोदाकाठ

धान्य द्या. रोख अजिबात देऊ नका, मधल्यामधे खातात लोक.

शैला_कऱ्हाड

संतोष, डॉल्बी न लावल्याबद्दल आधी शाबासकी.

मी साखर कारखान्याच्या अकाउंट्समधून निवृत्त झाले. आता आमच्या भागातल्या एका पंधरा खाटांच्या केंद्राची वही लिहिते, बिनपगारी. केंद्राचं नाव इथं देत नाही, नाहीतर ही त्यांची जाहिरात होईल.

या कामात आले ती धाकट्या भावामुळे. नव्वदच्या दशकात तो पुण्यात नोकरीला होता आणि तिथं गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, नादी लागला. पन्नीवर ओढायचा. सुट्टीला घरी आला की अंग दुखतंय म्हणून लोळत पडायचा, नाक गळायचं. आई त्याला काढे द्यायची. ती टर्की होती, म्हणजे नशा न मिळाल्यानं होणारा त्रास, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढं त्याला येरवड्याला मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. तो सुटला. सरळ रेषेत नाही सुटला, मधे घसरला, परत गेला. पण आज त्याचं स्वतःचं वायंडिंगचं दुकान आहे.

मुक्तांगण कसं उभं राहिलं ते तुमच्या सभेत जरूर सांगा, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. अनिल अवचटांनी पुण्यातल्या गर्दुल्या पोरांवर लिहिलं. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी पैसे देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट मनोविकारतज्ज्ञ होत्या. १९८६ साली त्यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच केंद्र सुरू केलं. म्हणजे पैसे एका लेखकाच्या घरातून आले, जागा सरकारी मिळाली. आणि पुढं काम करायला कोण उभं राहिलं? तिथंच बरे झालेले पेशंट. माझ्या भावाशी जो माणूस तासन् तास बोलायचा तो स्वतः गर्दमधून बाहेर आलेला होता. भाऊ आम्हाला सगळ्यांना फसवायचा, पण त्याला फसवू शकायचा नाही. सगळ्या थापा त्या माणसानं आधीच मारून झाल्या होत्या.

आता पैशाकडे येते. केंद्रात सगळ्यात महाग गोष्ट खाट नसते, गादी तर नाहीच. माणूस महाग असतो. समुपदेशक, रात्रपाळीचा कार्यकर्ता, स्वयंपाकाच्या मावशी, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येणारे मनोविकारतज्ज्ञ. आमच्याकडे अनुदान हप्त्यांनी येतं. हप्ता लांबला की धान्याचं अडत नाही, कुणी ना कुणी पोतं टाकून जातं. अडतो तो पगार. मग चांगला तयार झालेला समुपदेशक दुसरी नोकरी धरतो. नव्याला तयार करायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दुसरं म्हणजे फॉलोअप, घरी गेलेल्या पेशंटची नंतरची विचारपूस. राहून घ्यायचे उपचार साधारण महिना-सव्वा महिन्याचे. मुक्तांगणमध्ये ३५ दिवस. आमच्याकडचा माणूस सुट्टी मिळून एसटीनं गावी उतरतो तेव्हा स्टँडवर त्याला पहिला कोण भेटतो? ज्याच्याबरोबर तो प्यायचा, तोच. खरी परीक्षा तिथं सुरू होते. त्या वेळी केंद्राचा कार्यकर्ता त्याच्या गावात जाऊन बसला, बायकोशी बोलला, गोळ्या चालू आहेत का बघितलं, तर फरक पडतो. पण देणगीदाराला यात गोडी नसते. खाटेवर नाव रंगवता येतं, कार्यकर्त्याच्या एसटीच्या तिकिटावर येत नाही.

ब्लँकेटांचं म्हणाल तर आमच्या स्टोअरला या, तुम्हालाच चार देते. केळ्यांचीही तीच गत. गेल्या २ ऑक्टोबरला सकाळपासून जो तो केळी घेऊन आला. गोदाकाठ, धान्याला माझा विरोध नाही, पण आधी फोन करून विचारा. आमच्याकडे गहू पडून असतो आणि तेल, चहापूड, साबण, फिनेल विकत आणावं लागतं. गोड बिस्किटं मात्र आणा. दारू सुटलेल्या माणसाला गोड फार लागतं.

फोटो. पेशंटना रांगेत उभं करून हातात फळ देतानाचा फोटो काढायचा नाही. हा माझा हट्ट नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात व्यसनाचे आजारही येतात, आणि पेशंटच्या संमतीशिवाय त्याचा फोटो किंवा माहिती माध्यमांना देता येत नाही. तुमच्या ढोलपथकातल्या पोराचाच फोटो उद्या दुसऱ्या मंडळाच्या ग्रुपवर फिरला तर कसं वाटेल, एवढं सभेत विचारा.

आता डांबण्याबद्दल. तसं होतं, खोटं नाही सांगत. म्हणून चेक लिहायच्या आधी तुम्ही दोघं-तिघं जाऊन या, जमलं तर न कळवता. आमच्या इथं असं कुणी आलं की मला आनंद होतो. त्याच कायद्याखाली राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते, ती विचारा. मनोविकारतज्ज्ञ कोण, कधी येतात, ते विचारा. माणसाला साखळीनं बांधायला कायद्यानं सक्त मनाई आहे. कुणी 'आमची शिस्त कडक आहे' असं छाती काढून सांगायला लागला की कान टवकारा. नातेवाइकांना भेटू देतात का? आणि एक माझा स्वतःचा निकष: स्वयंपाकघरात जा. पेशंट तिथं भाजी निवडत, गप्पा मारत बसलेले असतील, बाहेरचं माणूस दिसल्यावर गप्प होत नसतील, तर ती जागा बहुतेक बरी. तुम्ही आल्यावर सगळे एकदम उभे राहून 'नमस्ते सर' म्हणाले तर मला ते आवडत नाही.

कागद: धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि मागचा ऑडिट रिपोर्ट. ऑडिटमध्ये पगारावरचा खर्च मोठा दिसला तर नाक मुरडू नका, त्याचं कारण मी वर सांगितलंच आहे. बांधकाम आणि 'कार्यक्रम खर्च' फुगलेला दिसला तर मात्र विचारा. ८०जी पावती, म्हणजे आयकरात सवलत मिळवून देणारी, मंडळापेक्षा व्यक्तीच्या कामाची. तीही जुनी करप्रणाली घेतली असेल तरच, आणि २,००० रुपयांच्या वर रोख दिले तर वजावट मिळत नाही. पोरांना सांगा, रोख वगैरे काही नाही. चेक किंवा ऑनलाइन.

माझं मत विचाराल तर ६५ हजार एकदम देऊ नका. दरमहा ५ हजार, वर्षभर. ६० झाले. सोबत एका ओळीचं पत्र: 'ही रक्कम फॉलोअप आणि कर्मचाऱ्यांच्या मानधनासाठी आहे.' छोट्या केंद्राला दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येणारे ५ हजार हे एकदाच आलेल्या लाखापेक्षा उपयोगी पडतात. लाख आले की कुणीतरी पत्र्याची शेड बांधायला निघतं. उरलेले ५ हजार राखून ठेवा, त्याचं सांगते.

तुमच्या मंडळात कुणाचं गॅरेज असेल, प्रेस असेल, रसवंती असेल. बाहेर आलेल्या माणसाला काम द्या. पगार पहिले काही महिने त्याच्या हातात रोख देऊ नका, बायकोच्या किंवा आईच्या खात्यावर टाका, पण ते त्याला विचारून, पाठीमागून नाही. आमच्याकडचे बरेच जण स्वतःच तसं मागतात. राखलेले ५ हजार त्याच्या हत्यारांना, ड्रेसला, बसच्या पासला घाला. भावाला पहिलं काम ज्यानं दिलं त्याचे उपकार आमची आई मरेपर्यंत बोलून दाखवायची. मुक्तांगणचं नाव त्यानंतर घ्यायची.

औषधवाला

मेडिकल दुकान आहे, सांगली. शैलाताईंनी सगळं लिहिलंय, फक्त औषधाच्या बाजूचं जोडतो.

'पोरगं आठ दिवस घरात कोंडलं की सुटेल' असं कुणी मंडळात म्हणालं तर त्याला थांबवा. झोपेच्या गोळ्या रोज खाणाऱ्यानं अचानक बंद केल्या तर फिट येऊ शकते. जुन्या दारुड्याचंही तसंच. फिट, भास, कधीकधी जिवावर बेततं. या दोन्हींत डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवायचं असतं. गर्दचा धोका वेगळा आहे. टर्की भयंकर असते पण बहुतेक वेळा माणूस त्यातून निभावतो. मात्र काही आठवडे लांब राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर येऊन त्यानं पूर्वीएवढाच डोस घेतला तर श्वास बंद पडतो. घसरलेला माणूस म्हणून केंद्रानं हाकलायचा नसतो, लगेच परत घ्यायचा असतो. केंद्र बघायला जाल तेव्हा हे जरूर विचारा: परत आलेल्याचं तुम्ही काय करता?

नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम ही झोपेची औषधं शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, प्रत्येक विक्रीची वेगळ्या रजिस्टरला नोंद, ते रजिस्टर ३ वर्षं ठेवायचं. तरीही पोरांना 'बटन' मिळतं म्हणजे आमच्याच धंद्यातला कुणीतरी विकतोय. मंडळाला ६५ हजारांशिवाय काही करायचं असेल तर गल्लीतल्या दुकानदारांकडे दहा-पंधरा जण मिळून जा. भांडायला नको. नुसतं 'आमचं लक्ष आहे' सांगा. मला कुणी असं येऊन सांगितलं तर राग नाही येणार.

व्यसनमुक्तीची सरकारी मोफत हेल्पलाइन १४४४६. मंडळाच्या फळ्यावर लिहून ठेवा, वर्षभर.

मिरजकर_संतोष

काकू, औषधवाले दादा, खूप आभार. काकू, एक अडचण आहे. वर्गणी लोकांनी गणपतीला दिली. ती कुणाच्या पगाराला गेली असं वार्षिक अहवालात लिहिलं तर इथं दंगा होईल. गादी दाखवता येते. पगार कसा दाखवू?

शैला_कऱ्हाड

अरे, भटजींची दक्षिणा लिहिता ना अहवालात? मांडववाल्याची मजुरी? ती काय दाखवता?

थट्टा सोड. केंद्राकडून तिमाहीला अर्ध्या पानाचं पत्र मागवून घ्या. नाव-गाव काही नको. किती जणांच्या घरी फॉलोअपला गेलो, किती जण संपर्कात आहेत, किती परत भरती झाले. ते पत्र गणपतीसमोर वाचा. 'परत भरती' चा आकडा बघून कुणी म्हणेल पैसे वाया गेले, तर सांगायचं की मधुमेहाची साखर परत वाढली म्हणून कुणी डॉक्टरला चोर म्हणत नाही. मात्र 'आमच्याकडे शंभर टक्के बरे होतात' असं पत्र कुणी दिलं तर पुढचा चेक थांबवा.

आजचा_दिवस

नाव देत नाही, आमच्यात देत नाहीत. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा सदस्य आहे, एए म्हणतो आम्ही. पिणं बंद आहे, आजच्यापुरतं.

संतोषभाऊ, आम्हाला पैसे देऊ नका. खरंच देऊ नका, आम्ही घेत नाही. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावात दोन दारुडे, एक शेअरदलाल आणि एक सर्जन, एकमेकांशी बोलून दारूपासून लांब राहिले, तिथून हे सुरू झालं. तेव्हापासून ठरत आलेला दंडक आहे की बाहेरच्यांची देणगी घ्यायची नाही, आपला खर्च आपण भागवायचा. मीटिंगच्या शेवटी पिशवी फिरते, ज्याला जमेल तो दहा-वीस टाकतो. त्यात चहा आणि जागेचं भाडं. फी नाही, रजिस्टर नाही. पिणं थांबवायची इच्छा एवढीच अट. गर्द, गोळ्या, एमडी (मेफेड्रोन) वाल्यांसाठी तशीच नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एनए. ती १९५३ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली.

मग तुम्ही काय करू शकता? खोली. तुमच्या मंडळाची खोली असेल, वर्षातले अकरा महिने तिथं ढोल आणि सतरंज्या पडून असतील. आम्हाला आठवड्यातून एकदा, संध्याकाळी दीड तास, ठरलेल्या वेळी कुलूप उघडून मिळालं तर त्याच्याएवढं काही नाही. गावोगाव आमचे ग्रुप चर्चच्या हॉलमध्ये, शाळेच्या वर्गात, समाजमंदिरात भरतात. जागा गेली की ग्रुप विस्कटतो. नवीन जागा शोधेपर्यंत चार जण गळतात, आणि गळलेला कुठं जातो ते सगळ्यांना माहीत आहे.

फुकट देऊ नका, आम्ही भाडं देणार. थोडं का होईना, पण देणार. यावरून तुमच्यात वाद होईल, 'गरिबांकडून भाडं कशाला' म्हणून. घ्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या पैशानं प्यायलोय आम्ही.

खिडकीतून डोकवायचं नाही, कोण आलं होतं ते बाहेर बोलायचं नाही. उत्सुकता असेल तर काही मीटिंगा ओपन असतात, त्या दिवशी कुणीही येऊन बसू शकतं. मंडळातल्या मोठ्यांना एकदा घेऊन या. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे. त्या पोराच्या आईला त्याची गरज पोराएवढीच असेल. अशा घरातल्या बायकांना शेजारी फक्त दोन गोष्टी सांगतात, 'सोडून दे' नाहीतर 'सहन कर'.

जर्सीकर

मूळचा कोल्हापूरचा, आता न्यू जर्सी. माझीही भर घालायची आहे, पण मागच्या वेळी एका संस्थेला पैसे पाठवले तर त्यांनी परत केले. काय भानगड आहे? मी आता अमेरिकन नागरिक आहे.

शैला_कऱ्हाड

जर्सीकर, संस्थेनं बरोबर केलं. तुम्ही भारतीय पासपोर्टवर असतात आणि स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेतून पाठवले असतेत तर ती साधी देणगी. नागरिकत्व बदललं की ती परदेशी देणगी ठरते. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं कार्ड, असलं तरी. त्यासाठी संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. बहुतेक छोट्या केंद्रांकडे ही नोंदणी नसते, आमच्याकडेही नाही. मोठ्या संस्थांना विचारून बघा. नाहीतर कोल्हापुरात तुमचा भाऊ-बहीण असेल तर त्यांना त्यांच्या स्वतःच्या पैशानं, त्यांच्या नावानं द्यायला सांगा. तुमचे पैसे त्यांच्या खात्यातून फिरवू नका, त्यानं संस्था गोत्यात येते.

गोदाकाठ

मी धान्याचं लिहिलं होतं. आमच्या इथल्या केंद्राला आज फोन केला. फिनेल आणि अंघोळीचे साबण हवेत म्हणाले. आणि दाढीची ब्लेडं, पण ती ऑफिसमध्येच द्यायची, पेशंटच्या हातात नाही. पाठवतोय.

मिरजकर_संतोष

काल सभा झाली. तीन तास चालली.

दोन केंद्रं बघून आलो होतो. एकात 'नमस्ते सर' झालं, काकू. अगदी तुम्ही लिहिलं तसंच. तिथं नोंदणीचा कागद 'नूतनीकरणाला गेलाय' म्हणाले, आम्ही चहा पिऊन निघालो. दुसऱ्यात मनोविकारतज्ज्ञ स्वतःच भेटले, फाइल दाखवली आणि आमच्यातल्या एकाला बाजूला घेऊन त्याच्या स्वतःच्या तंबाखूवर वीस मिनिटं बोलले. त्यांना दरमहा ५ हजार द्यायचा ठराव झाला, पहिला चेक लिहिला. पत्रात फॉलोअप आणि मानधन असंच लिहिलंय. ज्येष्ठांनी शेवटपर्यंत गादीचा आग्रह सोडला नाही, तेव्हा दोन गाद्या त्यांनी आपल्या खिशातून द्यायच्या असं ठरलं. त्यांची त्यांना मुभा.

कामाचं अजून जमलेलं नाही. प्रेसवाले तयार आहेत, पण रात्रपाळीला ठेवणार नाही म्हणतात. ते मला पटलं.

खोलीवर मात्र अडलंय. निम्मे म्हणतात दारुड्यांना गणपतीच्या खोलीत कसं बसवायचं. आमच्या अध्यक्षांनी सभेत नावं न घेता विचारलं की विसर्जनाच्या मिरवणुकीत कोण कोण सोबर होतं, तेव्हा जरा शांतता पसरली. पुढच्या रविवारी परत बसणार आहोत. आजचा_दिवस, ओपन मीटिंग जवळपास कुठं आणि कधी असते ते मला निरोपात कळवाल का? आमच्यातले पाच-सहा जण यायला तयार आहेत, त्यात विरोधातले दोघं आहेत. आणि भाडं किती घेता-देता तेही सांगा, ठरावात आकडा घालायचा आहे.